कडबा गल्लीत बंब मागं घेताना

अग्निशमनच्या गाडीवरचा चालक आगीला घाबरत असेल असं तुम्हाला वाटतं ना? मी मोटारसायकलला घाबरतो. गल्लीच्या तोंडाशी स्टँडवर तिरकी लावलेली, हँडल लॉक केलेली आणि मालक समोरच्या हॉटेलात चहाची बशी फुंकत बसलेला, अशी मोटारसायकल दिसली की माझ्या तळहाताला घाम येतो. आग आपल्या जागी असते, पळून जात नाही. तिच्यापर्यंत पोचायचं कसं, या विचारानं मी आयुष्यभर घाबरत आलो आहे. नगरपरिषदेत आल्यापासून मी बंबच चालवतो आणि माझ्याइतका घाबरट चालक अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही, हे मी जरा मिशीला पीळ देऊनच सांगतो.

गावाचं नाव सांगत नाही. हायवेवरचं गाव आहे, कर्नाटकाची हद्द जवळ आहे, घरटी एक ट्रक आहे, एवढ्यावर भागवा. नाव सांगितलं तर आमच्या सभागृहातली बरीच मंडळी मला चहाला बोलावतील, आणि तो चहा मला नको आहे.

पाहुणेरावळे विचारतात, "तुमच्या जिल्ह्यात ते फटाक्यांचं तेरखेडा आहे, तिकडं जायचं म्हटलं की भ्या वाटत नाही का?" मी सांगतो की तेरखेड्याची माणसं आगीशी अदबीनं वागतात. भ्या वाटतं ते आगीला घरचं माणूस समजणाऱ्यांचं.

आधी आमची गाडी समजून घ्या. बंब म्हणजे चाकावरची पाण्याची टाकी. टाकी पूर्ण भरलेली असली तर बरी, पूर्ण रिकामी असली तर त्याहून बरी. अर्धी भरलेली असली की ब्रेक मारल्यावर गाडी थांबते, आतलं पाणी थांबत नाही. ते पुढं धावतं, धडकतं, परत येतं, आणि कुणीतरी खांद्याला धरून हलवावं तशी गाडी हलते. वळणावर तर पाणी स्वतःच ठरवतं कुठं जायचं. शहरात सायरन वाजला की लोक बाजूला होतात म्हणे. आमच्याकडं सायरन वाजला की लोक घरातून बाहेर येतात, पोरं कडेवर घेऊन. एकदा बाजारपेठेत एका बोळाच्या तोंडाशी जीप आडवी लावलेली होती. मी सायरनवरचा हात काढला नाही. शेवटी एक बाई पदर सावरत बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू जेवायला बसलेत. हात धुतले की काढतील गाडी. तोवर तुम्ही बी या, दोन घास खावा." आत गोठा जळत होता. जनावरं सुटलेली होती म्हणून तो किस्सा आज हसत सांगता येतो.

कडबा गल्लीचा किस्सा मी हसत सुरू करतो, पण शेवटपर्यंत तसा राहत नाही.

पूर्वी तिथं कडब्याचा बाजार भरायचा, म्हणून कडबा गल्ली. आता दोन्ही बाजूंना ट्रकवाल्यांची घरं आहेत. हायवेकडून आत शिरलं की गल्ली सरळ जाते, एका जागी डावीकडं वळते, आणि वळल्यावर लगेच एका भिंतीशी संपते. नगरपरिषदेच्या विकास आराखड्यात मात्र ती संपत नाही. तिथं ती भिंतीतून आरपार निघून मागच्या रस्त्याला मिळते, शिवाय जाता जाता दुप्पट रुंद होते. आराखड्यावर बंब चालवायचा असता तर मी डोळे मिटून चालवला असता.

गल्ली जिथं वळते, बरोबर तिथं समोर महानंदाताईंचं घर. खालीच एक खोली, मागं मोरी, पुढं रस्त्यावर उघडणारं दार आणि एक खिडकी. पोलिओनं लहानपणीच पाय गेलेले. घरात हातावर सरकत फिरायच्या, बाहेर तीनचाकी सायकल. खिडकीशी शिलाई मशीन. त्या मशीनवर अख्ख्या गल्लीचे ब्लाउज शिवून व्हायचे आणि अख्ख्या गल्लीची उसवण सुद्धा. खिडकीतून गल्ली पार तोंडापर्यंत दिसायची. कोण आला, कुणी कुणाच्या दारात गाडी लावली, सगळं त्यांना दिसायचं.

पार्किंगच्या नियमांवर हरकती ऐकायला नगरपरिषदेनं सभा घेतली तेव्हा त्या तीनचाकीवरून आल्या. मुख्याधिकारी मॅडम नव्या होत्या, मनापासून ऐकत होत्या. ट्रक गावाबाहेर लावा, असं कुणीतरी म्हणालं. कुठं लावायचे, असं दुसऱ्यानं विचारलं. आराखड्यात ट्रकसाठी जागा राखून ठेवलेली होती. तिथं आता मंगल कार्यालय उभं आहे आणि त्याचं पार्किंग फार उत्तम आहे, असंही एकानं सांगितलं. सगळे हसले. महानंदाताई हसल्या नाहीत.

"मॅडम, माझं एकच विचारणं हाय," त्या म्हणाल्या. "गल्लीत आग लागली तर माझ्या दारापर्यंत बंब येतो का न्हाय? बाकीचे पळतील. मला सरकत जावं लागतंय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. "नाही येत," मी म्हणालो.

"आणून तर बघा," महानंदाताई म्हणाल्या.

त्याच दुपारी आम्ही बंब नेला. माझ्याबरोबर रशीद होता, आमचा फायरमन, हायवेवरच्या अपघातात पत्रा कापून माणसं काढणारा, दक्खनी बोलणारा, आणि मी घाबरलो की खूश होणारा. अर्ध्या गल्लीत दोन्हीकडचे आरसे ट्रकांना घासले. शिडीला कुणाचा तरी वाळत घातलेला परकर अडकला आणि झेंड्यासारखा फडकू लागला. पुढं जाईना, म्हणून मागं घ्यावा लागला. गर्दीतून गुरप्पाण्णांचा आवाज आला. गल्लीतले सगळ्यांत थोर ट्रकमालक, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग.

"नागनाथ, परकर ठेवून जा रे. कुणाचा हाय, मी चौकशी करतो."

"आपल्याच घरचा हाय, मालक," घरातून त्यांच्या बायकोनं, निंगव्वांनी उत्तर दिलं.

मग नियम आला. सम तारखेला डावीकडं गाड्या, विषम तारखेला उजवीकडं, एक बाजू कायम मोकळी. पाट्या लागल्या. सगळ्यांना नियम पसंत पडला. मलाही पडला, फक्त झोप लागेना. हा नियम रोज घरी येणाऱ्या मोटारींचा होता. आमच्या गल्लीतले ट्रक आठ-आठ दिवस हैदराबाद, हुबळीकडं असतात. गल्ली मोकळीच दिसायची. मॅडम म्हणाल्या, "बघा, किती फरक पडला." पण महिन्यातून एकदा हे सगळे ट्रक घरी येतात, आणि तो दिवस कोणता हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

तो दिवस अमावस्येचा. त्या दिवशी ट्रक धुतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, पुढच्या चाकाशी नारळ फोडून कापूर लावतात. चावी देव्हाऱ्यात देवापुढं ठेवतात. नैवेद्य दाखवल्याशिवाय चावीला कुणी हात लावत नाही, आणि पूजा झाली की अमावस्या सरेपर्यंत ट्रक जागचा हलवत नाहीत. आता अमावस्या काही तारखेप्रमाणं चालत नाही. ती आज दुपारी लागते आणि उद्या दुपारी सरते. म्हणजे आज डावीकडं लावलेला ट्रक उद्या उजवीकडं घ्यायला हवा, पण तो तर हलवायचा नाही.

यावर गल्लीनं आपल्या मनानं तोड काढली. कायदा पाळणाऱ्यांनी आजच्या तारखेप्रमाणं डावीकडं ट्रक लावले. पूजा पाळणाऱ्यांनी विचार केला की उद्या हलवायची भानगड नको, म्हणून आजच उद्याच्या बाजूला, उजवीकडं लावले. प्रत्येकानं नियम पाळला. गल्ली दोन्ही बाजूंनी भरली.

फोन आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. "कडबा गल्ली" एवढंच ऐकलं आणि ताट तसंच ठेवून मी उठलो. धूर हायवेवरूनच दिसत होता, पिवळट, दाट. कडब्याचा धूर एकदा बघितलेला माणूस विसरत नाही. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि समोर हारतुऱ्यांतले ट्रक डावीउजवीकडं उभे. पार वळणाशी, महानंदाताईंच्या दाराजवळ, कडब्यानं भरलेला एक ट्रक पेटला होता. पेंढ्या दोन्हीकडून बाहेर आलेल्या, त्यामुळं ज्वाळा त्यांच्या दारावर ओणवल्यासारख्या दिसत होत्या. चाकाशी लावलेला कापूर वाऱ्यानं उडून वर गेला होता. बाकी काही नाही, एक कापराची वडी.

"महानंदा आतच हाय," कुणीतरी ओरडत आमच्याकडं पळत आलं. "दार लावून घेतलंय. जवळ जाता येईना."

मी दोन ट्रकांच्या मधून शिरत गेलो. परकराच्या दिवशी जिथं अडकलो होतो त्याच्याही अलीकडं बंब थांबला. रशीद उडी मारून उतरला, होजपाइपच्या गुंडाळ्या खांद्यावर घेतल्या, ट्रकांच्या खालून रांगत पुढं गेला. होजला होज जोडत गेला. माझ्याकडं वळून त्यानं हात वर केला. मी पंप सुरू केला. पाणी आलं, उंच उडालं आणि पेटलेल्या ट्रकाच्या अलीकडं रस्त्यावर पडलं. रशीद आणखी पुढं सरकला. होज ताणला गेला. संपला. आमच्याकडं जेवढा होता तेवढा सगळा.

असं पाणी मी कधी बघितलं नव्हतं. आग दिसतेय, पाणी दिसतंय, आणि दोघांच्या मध्ये रिकामा रस्ता. डिझेलची टाकी कधी पेट घेईल, सांगता येत नव्हतं. मी पंपापाशी दांडा धरून उभा होतो. लोकांना वाटत होतं मी विचार करतोय.

ट्रक काढल्याशिवाय आत जाता येणार नव्हतं, आणि ट्रक निघायला एकच तोंड, त्यात मी बंब घालून बसलेलो. म्हणजे आधी मलाच मागं जायला हवं. होज तोडून, पाणी बंद करून, आगीकडं पाठ न करता पण आगीपासून लांब.

"चाव्या आणा," मी ओरडलो. "एका बाजूचे ट्रक बाहेर घ्या."

चावी आणायला कुणी गेलं नाही. मी सांगतो तेव्हा लोकांना राग येतो, पण त्यात दुष्टपणा नव्हता. ती माणसं बादल्या घेऊन धावत होती, एकाचा हात भाजला होता. पण चावी म्हटलं की सगळे गुरप्पाण्णांकडं बघायला लागले. त्यांचा ट्रक तोंडाशी पहिला. आण्णांच्या चेहऱ्यावरचं भस्म घामानं वाहत होतं.

"नैवेद्य न्हाय झाला अजून," ते पुटपुटले. त्यांचा थोरला भाऊ अमावस्येलाच घाटात अपघातात गेला होता. पूजा अर्धी टाकून निघालेला, असं सगळी गल्ली समजते. आण्णांना माझ्यापेक्षा जास्त भीती वाटत होती, फक्त वेगळ्या गोष्टीची.

तेवढ्यात निंगव्वा दारात आल्या. त्यांच्या हातात चावी होती, चावीवर कुंकू, हाताला पीठ.

"देव कुठं पळून चाललाय व्हय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी बसते त्याच्यापाशी समजूत काढत. तुम्ही गाडी काढा. त्या पोरीनं माझ्या लेकीच्या लग्नाचं सगळं शिवलंय."

आण्णांनी चावी घेतली. मग दारादारातून बायका चाव्या घेऊन आल्या. कुणी आंघोळ केलेली, कुणी न केलेली.

मी होज सोडायला सांगितला. रशीद तिकडून ओरडला, "मामू, पानी बंद करे तो वो मर जाती ना."

"बंद केल्याशिवाय आत जाता येत नाही, रशीद."

त्यानं जोड सोडला. पाणी खाली पडलं. मी गिअर मागं टाकला.

बंब मागं सरकायला लागला आणि गल्लीत जो आवाज उठला तो मला अजून ऐकू येतो. मागून आलेल्या लोकांना चाव्यांचं काही माहीत नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की बंब आग सोडून चालला आहे. "पळाला," कुणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणाले. काचेवर एक दगड आला. एक म्हातारा पुढची जाळी दोन्ही हातांनी धरून बंब ओढायला लागला, आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत गाडी मागं घेत राहिलो. समोर, धुराच्या फटीतून, मधूनच ती खिडकी दिसत होती. झाकलेली, पण तिची एक झडप थोडी उघडी.

तोंडाबाहेर आलो. आण्णा ट्रक मागं घेत निघाले, हार चाकाखाली येत होते. त्यांच्यामागं दुसरा, तिसरा. एवढे ट्रक इतक्या घाईत मागं जाताना एकमेकांना लागले नाहीत, हे मी आजही लोकांना सांगतो आणि कुणी विश्वास ठेवत नाही. उजवी बाजू मोकळी झाली. मी शिरलो. आरसे दोन्हीकडून सुखरूप गेले. मला तेव्हा सुद्धा आरशांचीच काळजी होती, काय करणार.

आधी आगीवर नाही, त्यांच्या दारावर पाणी मारलं. दाराची लाकडं काळी झाली होती. रशीदनं दार फोडलं तेव्हा आतून वाफ बाहेर आली. महानंदाताई मागं मोरीत बसल्या होत्या, डोक्यावरून ओली चादर. आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं म्हणून पिंप भरून ठेवलेलं, ते त्यांनी ढकलून आडवं केलं होतं. दाराच्या फटीत गिऱ्हाइकांचे ब्लाउजपीस ओले करून कोंबलेले, निळे, मोरपंखी, एक जरीचा. रशीदनं त्यांना उचललं. त्या खोकत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा आपल्या तीनचाकीकडं बघितलं. तिचा नुसता सांगाडा उरला होता.

संध्याकाळी दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेलो. धुरानं त्यांचा घसा बसलेला होता.

"नागनाथभाऊ," त्या म्हणाल्या, "बंब मागं गेलेला मी बघितला."

मी सांगायला लागलो, ट्रक कसे काढायचे होते, होज कसा पुरला नाही.

"मला सांगितलंय सगळ्यांनी. मला पटलंय बी," त्या म्हणाल्या. "पण आधी बघितलं ना मी. नंतर कळलं. तुम्हाला लई शिव्या दिल्या. त्या परत घेत न्हाय. तुम्ही केलं ते बराबर होतं, मी दिल्या त्या बी बराबर."

मी मान हलवली. यात चुकीचं काहीच नव्हतं.

पुढची सभा गाजली. ट्रकांसाठी गावाबाहेर नवी जागा घ्यायचा ठराव एकमतानं मंजूर झाला. जागेचा शोध अजून चालू आहे. सम-विषमच्या पाट्या तशाच आहेत. महानंदाताई नव्या तीनचाकीवर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जागा मिळंल तवा मिळंल. तोवर दर अमावस्येला बंब माझ्या दारात उभा करा. ट्रक यायच्या आधी." याला खर्च नव्हता, म्हणून तेही मंजूर झालं.

तेव्हापासून दर अमावस्येला सकाळी आम्ही गल्लीत जातो. गल्ली रिकामी असताना शिरतो, महानंदाताईंच्या खिडकीसमोर उभे राहतो आणि मग ट्रक आमच्या मागं एकाच बाजूला लागत जातात, कारण दुसऱ्या बाजूनं आम्हाला निघायचं असतं, हे आता आण्णा स्वतः उभे राहून बघतात. बंब मात्र पाटीच्या विरुद्ध बाजूला उभा असतो. एका नव्या हवालदारानं एकदा आम्हालाच दंड ठोठावायला पुस्तक काढलं होतं. निंगव्वांनी त्याला आत नेऊन नैवेद्याचं ताट वाढलं. खिडकीतून मशीनचा आवाज येत राहतो. रशीद आत डोकावून चहा मागतो. लोक म्हणतात, आता तुमची अमावस्या मजेत जाते.

तशी जातेही, फोन येईपर्यंत. गाव मोठं आहे आणि आग अमावस्या बघत नाही. मागच्याच खेपेला जिनिंगच्या कारखान्यात कापसानं पेट घेतला. फोन वाजला, रशीदनं दार ओढून घेतलं, मी गिअर मागं टाकला. मशीनचा आवाज थांबला. गल्लीभर बंब मागं घ्यायचा असतो आणि सगळा वेळ ती खिडकी समोरच्या काचेत असते, हळूहळू लहान होत जाणारी. चालकानं मागं घेताना समोरही लक्ष ठेवावं, असं आम्हाला शिकवलेलं आहे. मी दोन्ही आरशांत बघत राहतो. समोर बघत नाही.